दुखत नसलेला दात

“डॉक्टर, दात कधी दुखलाच नाही, मग मुळाशी पू कसा झाला?” एक्स-रे पुढे करत आज एका काकूंनी विचारले. खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या मुळाशी गोल काळा डाग दिसत होता, आणि तेवढ्यावरून त्यांना दुसरीकडे रूट कॅनल सुचवले गेले होते. त्यांचा प्रश्न तिथेच कुणी मनावर घ्यायला हवा होता, हे मला दिवसभर सलत राहिले.

मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ, म्हणजे लॅमिना ड्युरा, टोकापर्यंत अखंड होती. थंडाच्या चाचणीला, म्हणजे दाताला थंड लावून पाहिल्यावर, दाताने लगेच प्रतिसाद दिला; म्हणजे तो जिवंत होता. मग एक्स-रे यंत्राच्या नळीचा आडवा कोन बदलून दुसरा एक्स-रे घेतला, तेव्हा तो डाग मुळापासून स्पष्ट बाजूला सरकला. ते मेंटल फोरामेन होते; हनुवटीला आणि खालच्या ओठाला संवेदना देणारा चेतातंतू जिथून बाहेर पडतो, ते जबड्यातले नैसर्गिक छिद्र.

एक्स-रे ही त्रिमितीय हाडाची सपाट सावली असते, त्यामुळे पुढेमागे असलेल्या गोष्टी तिच्यात एकमेकींवर पडतात. उलट, हाडातील साधारण ३० ते ५० टक्के खनिजे नष्ट होईपर्यंत खरा आजारही अनेकदा दिसत नाही. मग जिवंत दाताला ड्रिल लावण्यापूर्वी थंडाची चाचणी झाली का, एवढे तरी रुग्णाने विचारायला काय हरकत आहे?