चौपाखी छपराचा ढाळ: मोजणी पूर्ण, पडवीचा निर्णय बाकी

घर रत्नागिरी पट्ट्यातलं, भिंतीबाहेरून ६ बाय १० मीटर, चौपाखी (छपराला चार उतरत्या बाजू, म्हणजे पाखी), वर मंगलोरी कौलं, पश्चिमेला पडवी. कुजलेले वासे आणि दोन कोनवासे (दोन पाखी मिळतात त्या कोपऱ्यावरचे तिरपे वासे) बदलायचे आहेत, त्यामुळे लाकूड कापण्याआधी ढाळ नक्की हवा. चारही पाखी आणि पडवी मोजून झाली. आकडे आणि कुठे काय चुकतं ते खाली.

मोजणी माळ्यावरून, आतून केली. कौलांवर चढून मोजू नये. कौल पायाखाली फुटतं, आणि त्याच्या नाळीदार अंगावर अँगल मीटर दर वीतभर वेगळा आकडा दाखवतो.

पहिली पद्धत पाणसळीची. एक मीटरच्या लेव्हलचं टोक वाश्याच्या खालच्या कडेला टेकवायचं, बुडबुडा मधे आणायचा आणि दुसऱ्या टोकापासून वाश्यापर्यंतचं उभं अंतर घ्यायचं. समोरचं पाखं ५८३ मि.मी., मागचं ५७९ आणि ५८६, दक्षिणेचं ५८१. हे तिन्ही ०.५८३ धरायला हरकत नाही, म्हणजे सुतारी भाषेत फुटाला ७ इंच. कोनात ३०.३ अंश. उत्तरेचं पाखं मात्र ६१२ भरलं. तीनदा घेतलं, आकडा तोच.

फूटभर लेव्हलने हेच काम करता येतं, पण वाचताना ५ मि.मी. इकडेतिकडे झाले तर ३०० मि.मी.वर कोन ०.७ अंशाने हलतो, मीटरवर फक्त ०.२ ने. शिवाय जुना वासा मधे झोलतो. झोलाच्या वर मोजलं तर ढाळ जास्त दिसतो, खाली मोजलं तर कमी. म्हणून आधी २ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी वाश्याला लावायची आणि लेव्हल तिच्यावर टेकवायची. फोनमधलं ॲप वापरायचं तर एकदा सरळ आणि एकदा फोन उलट्या दिशेने फिरवून वाचायचं. ३०.९ आणि २९.७ आलं तर खरा आकडा मधला, ३०.३. आणि ॲप अंश दाखवतंय की टक्के, हे आधी बघावं. ३० टक्के म्हणजे १६.७ अंश. या गफलतीत वासे आखूड कापले जातात.

दुसरी पद्धत पडताळणीसाठी. समोरासमोरच्या भिंतींवरच्या तुळयांमधे दोरी ताणली, दोन्ही टोकं नळीच्या पाणसळीने एका पातळीत आणली (नळीत बुडबुडा राहिला तर दोन-दोन सेंटीमीटरची चूक होते, नळी पूर्ण भरून एकदा पाणी वाहू द्यावं), आणि आढ्यावरून (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावरून) ओळंबा सोडला. आढ्याच्या मध्यापासून तुळईच्या बाहेरच्या कडेपर्यंत आडवं अंतर ३००० मि.मी., उभी उंची १७५०. भागाकार ०.५८३, पाणसळीशी जुळला. उंची मोजताना वरही वाश्याची खालचीच कड धरायची आणि खालीही तीच. वर आढ्याचा माथा आणि खाली वाश्याची बूड असं मोजलं की वाश्याची जाडी आकड्यात शिरते.

लांबीचं गणित: ढाळाचा वर्ग अधिक एक, त्याचं वर्गमूळ, आणि त्याने आडव्या अंतराला गुणायचं. ०.५८३ ला १.१५८. वळचण (छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग) भिंतीपुढे ७५० आहे, म्हणून आडवं ३७५०, वासा ४३४१ मि.मी. वळचणीची कड भिंतीच्या माथ्यापेक्षा ४३७ खाली येते. पडवीच्या उंचीचं सगळं गणित या ४३७ वर अडतं, ते पुढे.

कोनवासा वेगळा विषय. दोन्ही बाजूंचा ढाळ सारखा असेल तर तो नकाशात ४५ अंशात धावतो, तेवढीच उंची जास्त अंतरात चढतो, म्हणून त्याचा ढाळ ०.४१२, म्हणजे २२.४ अंश. घर एल आकाराचं असेल तर आतल्या कोपऱ्यातल्या पन्हळीलाही हाच आकडा. दोन्ही बाजूंच्या पाखांचं पाणी पन्हळीच्या या सर्वांत कमी ढाळाच्या रेषेवर जमतं, गळती तिथे आधी सुरू होते ती यामुळे. दक्षिणेचे कोनवासे आढ्यापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत ४५८९ मि.मी. उत्तरेचे मात्र तसे कापून चालणार नाहीत. तिथे ढाळ ०.६१२, म्हणजे आडवं अंतर ३००० नसून २८५९. आढ्याचं टोक १४१ मि.मी. उत्तरेला सरकलेलं आहे. त्यामुळे कोनवासा ४४९८ चा, ९१ ने आखूड, आणि वरचा काप डावीकडे-उजवीकडे सारखा नाही. चारही कोनवासे एकाच मापाचे धरले तर दोन चुकतील.

आता कौलाचा ढाळ, जो बहुतेक मोजणीत सुटतो. प्रत्येक कौलाचं शेपूट खालच्या कौलावर बसतं, म्हणून कौल वाश्यापेक्षा आडवं असतं. रिपांचं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर ३२० आणि शेपटाची उचल २० मि.मी. धरली तर ३.६ अंशांचा फरक पडतो. वासा ३०.३, कौल २६.७. पाऊस कौलावर पडतो, वाश्यावर नाही, त्यामुळे गळतीचा विचार या दुसऱ्या आकड्यावर करावा. वळचणीच्या पहिल्या ओळीखाली दुसरं कौल नसतं, म्हणून तिथली रीप तेवढी जास्त जाड किंवा दुहेरी लागते, नाहीतर पहिली ओळ तोंड खाली घालते आणि दुसरीशी तिचा सांधा उघडा राहतो.

रिपांचं अंतर हातातल्या कौलावरूनच काढावं. भारतीय मानक ६५४ मधेच ४१० बाय २३५, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६० अशी तीन मापं आहेत. बारा कौलं जमिनीवर अडकवून, एकदा घट्ट सरकवून आणि एकदा ओढून, दहांची लांबी घ्यायची आणि दोन्हींची सरासरी दहाने भागायची. इथे ३२० आलं, रुंदीला उघडं २१०. वळचणीसह नकाशातलं क्षेत्र ७.५ गुणिले ११.५, म्हणजे ८६.२५. त्याला १.१५८ ने गुणून सुमारे १०० चौरस मीटर. (उत्तरेच्या वेगळ्या ढाळाने अर्ध्या चौरस मीटरचाही फरक पडत नाही.) कौलं १४८६, कोन्यावरचे काप आणि फूट धरून १६३५.

पडवीचं पाखं मीटरला ३९० भरलं, २१.३ अंश. कौलाचा ढाळ मग १७.७ च. नैऋत्येचा वारा थेट या पाख्यावर येतो आणि पाणी सांध्यातून वर ढकलतो. दर वर्षी शाकारणी करूनही ती गळते ती याच कारणाने, नवी कौलं घालून काही फरक पडणार नाही. २४०० मि.मी.च्या पडवीचा ढाळ ०.५ वर आणायला वरची बाजू २६४ ने उचलावी लागेल, आणि वर मुख्य छपराची ती ४३७ खाली आलेली वळचण आडवी येते. खालचे खांब तेवढे आखूड केले तर कडेला डोकं लागेल. म्हणून सध्या कल पडवीच्या कौलांखाली सलग पत्रा घालण्याकडे आहे. पत्रा वाश्यांवर, त्यावर वाश्यांच्याच रेषेत उभ्या पट्ट्या आणि मग रिपा. रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर सांध्यातून आलेलं पाणी प्रत्येक रिपेमागे तुंबेल. पट्ट्यांची जाडी किती हवी ते वळचणीखाली उरलेली जागा मोजल्यावर ठरेल.