ढोल नव्हता, बाई

शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला सातवीला मी गोष्टी वाचून दाखवते. गेल्या पावसाळ्यात ‘श्यामची आई’ घेतलं होतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं हे पुस्तक मी निवडून-निवडूनच वाचत आले. ओले पाय मळू नयेत म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम, पोहायला घाबरून लपणारा श्याम, पत्रावळ. कर्जाच्या रात्री (प्रकरणांना पुस्तकात ‘रात्र’च म्हटलंय) सोडून द्यायच्या. वसुलीला आलेला माणूस श्यामच्या वडिलांना बायको विकायला सांगतो, हे पोरांपुढं कसं वाचायचं?

त्या दिवशी माझा घसा बसला होता. पुस्तक पहिल्या बाकावरच्या मुलीकडं दिलं. तिनं नेमकं ‘अब्रूचे धिंडवडे’ उघडलं. गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताचं, म्हणजे श्यामच्या वडिलांचं घर, त्यावर जप्ती. त्यांच्या गावात, पालगडात ढोल बडवून पुकारा, आणि शाळेतली मुलं श्यामच्या धाकट्या भावाला त्यावरून चिडवतायत. थांब म्हणणार होते, पण घशातून आवाजच निघेना.

“हे खरं झालेलं का, बाई?” मागून प्रश्न आला. विचारणारी मुलगी एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम बोलते.

म्हटलं, हो. साने गुरुजींच्याच घरची गोष्ट. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली.

“मग लाज नाही वाटली लिहायला?”

काय सांगणार? वाटली असेलच. तरी लिहिलं. पुस्तकासाठी स्वतः केलेली चोरीही लिहिली. आईची थोरवी सांगायला त्यांना वडिलांचं कर्ज झाकावं लागलं नाही. झाकत होते ती मी. (बेचाळीस रात्रींतल्या माझ्या वर्गानं किती ऐकल्या असतील? पंधरा?)

ती जरा वेळ बाकावरची रेघ नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडं ढोल नव्हता, बाई. आईच्या कर्जाच्या गटातल्या बायका ओट्यावर येऊन बसल्या. हप्ता भरल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. अंधार पडेपर्यंत बसल्या. आईनं चहा केला त्यांना.”

“चहा?” कुणीतरी फिसकन हसलं.

“मग? रोजच्याच बायका त्या. एकीनं हप्ता बुडवला की सगळ्यांना भरावा लागतो. माझी मावशीपण होती त्यात.”

पुन्हा कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं बघत होती. मी तिला मानेनंच पुढं वाच म्हटलं.