काकांचं इंजेक्शन

मागच्या उन्हाळ्यात आग्या मोहोळाच्या माश्या चावल्या, तेव्हा काकांच्या अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला आणि ते धुऱ्यावरच कोसळले. दवाखाना वेळेत गाठला म्हणून वाचले. आज डॉक्टरांनी काकूला आणि मला ॲड्रेनालिन, म्हणजे अशा जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, द्यायला शिकवलं.

परदेशात यासाठी तयार पेन असतं, मांडीवर दाबलं की झालं. आपल्या भागातल्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. मिळतं ते काचेचं ॲम्प्युल, 1 मिलीत 1 मिलिग्रॅम. काकांसाठी 0.5 मिली लिहून दिलंय. लहान मुलांना डोस कमी लागतो.

काकूनं पदर खोचला, ॲम्प्युलची मान कापडात धरून मोडली. हात थरथरत होता. मग सलाइन भरून संत्र्यावर सराव केला, आणि तिसऱ्या संत्र्यापर्यंत तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर झाला!

सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे, चालवायचं नाही. दम लागत असेल तर टेकून बसवायचं. लगेच 108. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. गावात सगळे आधी सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची साधी गोळी, शोधतात. त्यानं खाज कमी होते, बंद होणारा घसा उघडत नाही. हे कृपा करून लक्षात ठेवा.

इंजेक्शनचा डबा काकांसोबत वावरात जाणार. गाडीच्या डिक्कीत मात्र नाही, आपल्या उन्हात औषध खराब होतं. एक्सपायरी मी झाकणावर मार्करनं ठळक लिहिलीये.