लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठी डिस्कची मांडणी: माझा अनुभव

डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडल्याने गाण्या-वाद्यांच्या रेकॉर्डिंगचा वेग वाढत नाही. सी, डी, ई पाडून मिळालेल्या लॅपटॉपवर बऱ्याच जणांचा तसा समज असतो, म्हणून हे आधीच सांगतो. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये 5400 आरपीएमची 1 टीबी हार्ड डिस्क होती. विंडोज सीवर आणि रेकॉर्डिंग डीवर ठेवलं तरी दोन्हीकडे तीच हेड, म्हणजे डिस्कवर वाचणारी-लिहिणारी टोकं, धावतात. मागे अपडेट किंवा इंडेक्सिंग (विंडोजने शोधासाठी फाइलची यादी करणं) सुरू झालं की त्यांना डिस्कभर उड्या माराव्या लागतात आणि दर उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. डेटा खरं तर फार नसतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला 144 केबी, म्हणजे आठ ट्रॅकचे 1.15 एमबी. तासाला सव्वाचार जीबीही होत नाहीत. सलग लिहायला कुठलीही डिस्क चालेल. गाडी अडते ती उड्यांपाशी.

उपाय म्हणजे दुसरी डिस्क. मूळ जागी 500 जीबीचा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) बसवला आणि हार्ड डिस्क कॅडीत, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत, घालून डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी सरकवली. कॅडी 9.5 मिमी आणि 12.7 मिमी अशा दोन जाडीत मिळते, तेव्हा ड्राइव्ह काढून मोजल्याशिवाय मागवू नका. एसएसडी मूळ जागीच हवा, कारण काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा पोर्ट हळू असतो.

एसएसडीचे मात्र मी दोन भाग पाडतो, ते वेगासाठी नाही, तर विंडोज पुन्हा टाकावं लागलं तर चालू काम शाबूत राहावं म्हणून. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’. 250 जीबी हवे असतील तर आकडा 256000 एमबी. गंमत अशी की सीवर भरपूर जागा मोकळी असूनही तिथे थोडीच दाखवतात, कारण हायबरनेशन (बंद करताना चालू काम डिस्कवर ठेवणं), पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की वापरायची फाइल) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज मागच्या स्थितीत नेण्याच्या नोंदी) यांच्या फाइल मध्येच ठाण मांडून बसतात. तिन्ही बंद करून रीस्टार्ट करा, श्रिंक करा, मग पेजफाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. मोकळ्या झालेल्या जागेत केलेला दुसरा भाग, म्हणजे आताचा डी, मी 80 टक्क्यांपुढे भरू देत नाही; काठोकाठ भरलेला एसएसडी लिहिताना मंदावतो.

हार्ड डिस्कवर सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या तयार आवाजांचा संग्रह) आणि संपलेली कामं. तिला एस हे अक्षर दिलं आहे. बाहेरच्या डिस्क लावल्या की मधली अक्षरं इकडची तिकडे होतात आणि ते आवाज वाजवणारा प्रोग्रॅम, सॅम्पलर, ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडून बसतो. ते टाळायला लांबचं अक्षर बरं.

फॉरमॅट एनटीएफएस. फॅट32 वर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, आणि साध्या वेव्ह फाइललाही तीच मर्यादा आहे. आठही चॅनल एकाच फाइलमध्ये घेतले तर ती साधारण 62 मिनिटांत गाठली जाते. लांब मैफलीला आरएफ64, म्हणजे ही मर्यादा नसलेला वेव्हचा प्रकार, निवडा. एक्सफॅट मॅकवरही चालतं, पण त्यात जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय, नाही. रेकॉर्डिंग सुरू असताना केबल निघाली तर पूर्ण फोल्डर जाऊ शकतो, म्हणून ते फक्त ने-आण करायला.

पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ ‘कधीच नाही’ करा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणं) काढा. रेकॉर्डिंगचा फोल्डर इंडेक्सिंग, अँटीव्हायरस आणि क्लाउड सिंकमधून वगळा. डॉक्युमेंट्स फोल्डर अनेकदा आपोआप सिंक होत असतो, आणि प्रोग्रॅम नेमकं तिथेच सेव्ह करतो.

रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये नवं काम सेव्ह करताना वेगळा फोल्डर करायची आणि मीडिया त्यात कॉपी करायची, अशा दोन्ही चौकटींवर खूण करतो. रात्री तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जातो. पीक फाइल (पडद्यावर आवाजाची लहर काढायला लागणाऱ्या) वगळल्या तरी चालतात, त्या पुन्हा तयार होतात. कॉपी तपासायची तर प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर उघडा. त्याच लॅपटॉपवर उघडलं तर तो मूळ फाइल गुपचूप शोधून घेतो आणि कॉपीत काय राहिलं ते कळत नाही.