गडग्यावरून आलेलं माप

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात देवगडकडच्या कातळावरच्या एका हापूस बागेतून बोलावणं आलं. मोहर भरपूर, पण फळ धरत नाही, अशी तक्रार होती.

झाडाखाली उभं राहिल्याबरोबर कारण दिसलं. तुरा वीतभर तरी सुटायला हवा. इथे मुठीएवढे घट्ट गुच्छ. फांद्यांची पेरी आखडलेली, पानं टोकाला झुबक्यासारखी. अशा मोहरात फवारा आत पोहोचत नाही, मग तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग आतच ठाण मांडतात. पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध जास्त झाल्याची ही खूण. बागायतदार त्याला सरसकट कल्टार म्हणतात.

हे औषध झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही. पालवीचा जोर ओसरतो, मोहर लवकर येतो आणि एरवी वर्षाआड फळणारा हापूस दरवर्षी फळतो. हंगामाच्या तोंडाला वाशीत पोहोचलेल्या पेटीचा भाव वेगळाच असतो. त्यामुळे एका बागेत मोहर लवकर दिसला की पुढच्या पावसाळ्यात आजूबाजूला बाटल्या येतातच. बाटलीबरोबर मोजणीची टेप मात्र येत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

"काका, किती घातलंत?"

"सगळ्या झाडांक एकच माप. चाळीस मिली." माप कुठून घेतलं, तर त्यांनी गडग्यापलीकडे, दगडी बांधाच्या पल्याडच्या शेजाऱ्याच्या बागेकडे बोट दाखवलं.

टेप घेऊन पलीकडे गेलो. तिथली कलमं जुनी, खोल मातीतली. झाडाच्या फांद्यांचा विस्तार पूर्व-पश्चिम 14 मीटर, दक्षिणोत्तर 12, सरासरी 13. शिफारस विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली, म्हणजे 39. शेजाऱ्याचं माप चोख होतं! इकडची कलमं सुरुंगाच्या खड्ड्यांत बाहेरची माती भरून लावलेली, विस्तार जेमतेम 6 मीटर. त्यांना 18 मिली पुरे. दुपटीहून जास्त, तेही सलग तीन वर्षं. हे औषध मातीत टिकून राहतं. खड्ड्यातली माती मोजकी, मुळं तिथेच कोंडलेली, त्यामुळे आधीच्या शिलकीवर दरवर्षी नवी भर पडत गेली.

घालण्याची पद्धतही चुकली होती. सगळं पाणी बुंध्याशी ओतलं होतं. खरं तर खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार 25 ते 30 भोकं पहारीने घ्यायची, 10 ते 12 सेंटिमीटर खोल. औषध 3 ते 6 लिटर पाण्यात कालवून सगळ्या भोकांत सारखं वाटायचं आणि भोकं मातीने बुजवायची. त्याआधी आळ्यातलं तण काढायचं. वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट, मुसळधार पावसाचे दिवस टाळून. दहा वर्षांखालच्या किंवा रोगट झाडाला हात लावायचा नाही.

येत्या जुलैत औषध पूर्ण बंद, असं ठरलं. जूनमध्ये झाडामागे 50 किलो शेणखत आणि खतांची पुरी मात्रा, कारण दरवर्षी फळणारं झाड उपाशी राहिलं तर फांद्या वाळत जातात. नव्या पालवीची पेरी लांब सुटली, तरच पुढच्या वर्षी मोजून मात्रा.

मग खोडाखोडावर चुन्याने व्यास लिहायला घेतला. 6, साडेपाच, 6, 7. काकांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. अंधार पडेपर्यंत बारा झाडं झाली.