स्विफ्ट १.२ प्रोजेक्ट: आरसीवर बोजा असताना काय बसवलं, काय थांबवलं

गाडी: मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१८, पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल. के-१२एम इंजिन, ११९७ सीसी, ६००० आरपीएमला ८३ पीएस, ४२०० ला ११३ न्यूटन-मीटर. वजन नऊशे किलोच्या आत. सेकंडहँड, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) हायपोथिकेशन, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, चालू.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका, कारण पार्टची यादी त्यावरूनच ठरली. नियम एकच: जे काढून एका दिवसात मूळ पार्ट परत चढवता येत नाहीत, ते लोन फिटेपर्यंत बसवायचं नाही. काढलेला प्रत्येक पार्ट, नट-क्लिपांसकट, पिशवीत घालून नाव लिहून ठेवलेला आहे.

कागद आणि हप्ते

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही. भाडेखरेदीची गाडी असेल तर मालकाची लेखी संमतीही लागते. हायपोथिकेशनमध्ये मालक आपणच असतो, पण करारपत्रात गाडीची किंमत घटेल असा बदल करू नये अशी अट असू शकते. बारीक टाइपातली ती पानं वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट, इंजिन आणि रंग आरसीवर असतात, त्यामुळे या प्रोजेक्टमध्ये त्यांना हात नाही.

मॉडचा (गाडीतल्या बदलांचा) खर्च कर्जात घालायचा का? ६०,००० चं व्हील-टायर १२ टक्क्यांनी ४८ महिन्यांवर घेतलं तर हप्ता १,५८० आणि एकूण भरणा ७५,८४१. म्हणजे पंधरा हजार आठशे व्याज, तेही चार वर्षांत झिजून जाणाऱ्या रबरावर. हप्ते थकून गाडी ओढून नेली तर अलॉयही तिच्याबरोबर जातात आणि लिलावात त्यांचा वेगळा भाव सहसा मिळत नाही. त्यामुळे रोखीने, एकेक पार्ट. हळू होतं, होऊ द्या.

विमा कंपनीला कळवायचं ते वेळेवर कळवा. वेगळ्या बसवलेल्या इलेक्ट्रिकल सामानासाठी आयएमटी २४ हे एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कलम) आहे. बिल जपून ठेवा, नाहीतर क्लेमच्या वेळी घोडं तिथेच अडतं.

व्हील आणि टायर: पूर्ण

पहिला खर्च इथे, आणि तो सगळ्यात जास्त जाणवतो. मूळ टायर १६५/८० आर१४, व्यास ६१९.६ मिमी. पर्याय असे तोलले:

१८५/६५ आर१५: ६२१.५ मिमी, फरक ०.३ टक्के
१९५/६० आर१५: ६१५ मिमी, ०.७ टक्क्यांनी लहान
१९५/६५ आर१५: ६३४.५ मिमी, २.४ टक्क्यांनी मोठा
१९५/५५ आर१६: ६२०.९ मिमी

निवड १८५/६५ आर१५. कंपनी हाच साइझ वरच्या झेडएक्सआय मॉडेलला देते, त्यामुळे विम्याच्या सर्व्हेअरशी वाद घालायची वेळ येत नाही आणि स्पीडोमीटरही जागेवर राहतो. १४ इंची स्टेपनीही चालून जाते. १६ इंची दिसायला भारी, पण साइडवॉल १०७ मिमीवर येते आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यात रिम वाकते. १९५/६५ घेऊ नका: गिअरिंग लांब होतं आणि आधीच मर्यादित असलेला टॉर्क घाटात आणखी अपुरा पडतो.

पीसीडी (चार स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ४×१००, हबचा बोअर (मधल्या गोलाचा व्यास) ५४.१ मिमी. बाजारातल्या बहुतेक अलॉयचा बोअर ७३.१ असतो, म्हणून ७३.१ ते ५४.१ ची हब रिंग लागतेच. दुकानदार “नटाने सेंटर होतं साहेब” म्हणेल. होत नाही. बॅलन्सिंग बरोबर असूनही ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी ही रिंग तपासा. प्लॅस्टिकपेक्षा ॲल्युमिनियमची घ्या. घाट उतरताना ब्रेक तापले की हलकं प्लॅस्टिक मऊ पडतं. चढवण्यापूर्वी हबवरचा गंज वायर ब्रशने काढा, नाहीतर व्हील सपाट बसत नाही.

आता नट. सुझुकीचा स्टड १२ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. होंडा-टोयोटाचा पिच १.५. अलॉयच्या दुकानात दोन्ही नट एकाच डब्यात पडलेले असतात आणि दिसायला सारखेच असतात. १.५ चा नट सुझुकीच्या स्टडवर हाताने एक-दोन आटे जातो आणि अडतो. पोऱ्या त्यावर न्यूमॅटिक गन लावतो, नट “बसतो” आणि स्टडचे आटे गेले. म्हणून प्रत्येक नट बोटांनी पाच-सहा आटे फिरला पाहिजे, मगच पाना. घट्ट करताना समोरासमोरच्या जोडीने, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा. अलॉयचे नट वेगळे असतील तर स्टेपनीसाठी मूळ चार नट डिकीत ठेवा.

ऑफसेटचा (ईटी: व्हीलची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिमीत) हिशेब उदाहरणाने: ५.५ इंच रुंद ईटी ४५ वरून ६.५ इंच ईटी ३८ वर गेलात तर बाहेरची कड १९.७ मिमी बाहेर येते आणि आतली ५.७ मिमी स्ट्रटकडे (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाकडे) सरकते. मागे चार जण बसले की टायर फेंडरला घासतो तो यामुळे. इथे ६ इंच रुंदी, मूळच्या जवळचा ईटी, स्पेसर नाही.

ब्रेक: पूर्ण

पुढे चांगल्या कंपाउंडचे पॅड, मागे ड्रमचे मूळ लायनर. ब्रेक फ्लुइड नवं, डॉट ४ प्रतीचं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पण पाणी शोषलं की १५५ पर्यंत येतो. कोकणपट्टीत दोन वर्षांच्या पुढे ताणू नका. पॅड बसवल्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक, मध्ये थंड होऊ देत, आणि पूर्ण थांबायचं नाही. गरम पॅड डिस्कवर दाबून उभे राहिलात तर तिथे थर चिकटतो आणि पेडल थडथडतं.

हेडलाइट रिले: पूर्ण

वॅट वाढवण्याआधी व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ आणि बल्बच्या कपलरवर १२.६ असेल, तर हॅलोजनचा जवळपास तिसरा हिस्सा उजेड वायरिंगमध्येच जातो. उपाय: ३० अँपिअरचे दोन रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारे विजेवरचे स्विच), २.५ चौरस मिमी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचे दोन फ्यूज, बल्ब मूळचेच ६०/५५ वॅट. हार्नेस कपलरचाच घ्या. कंपनीच्या वायरला कात्री लावायची नाही. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, त्यामुळे कॉमन पिन कोणती ते मल्टिमीटरने ओळखून मगच रिले जोडा. नाहीतर लो आणि हाय एकदम पेटतात किंवा काहीच पेटत नाही. रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घालणाऱ्यांना समोरच्याच्या शिव्या खायची हौस असावी.

इंजिन: अर्धवट, मुद्दाम

रिमॅप (ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्यातली सेटिंग बदलणं) करण्याआधी गाडीच्या तपासणी सॉकेटला ओबीडी ॲडॉप्टर लावून लॉग घ्या. बघायचं ते इतकंच: कूलंट तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते), लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो). पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५ च्या आसपास. ई१० धरून कॅलिब्रेट झालेल्या गाडीत ट्रिम +४ ते +५ दिसणं म्हणजे ईसीयू आपलं काम करतोय. +१० च्या पुढे गेलं तर इंधनाला दोष देऊ नका; इनटेकच्या रबरात गळती, चोक झालेला इंजेक्टर किंवा थकलेला पंप शोधा. आयडलला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला नॉर्मल, तर हवेची गळती. उलट असेल तर इंधन कमी पडतंय.

ओपन कोन फिल्टर नाही. आवाज मिळतो, पण बॉनेटखालची गरम हवा ओढली जाते. तापमान दहा अंश वाढलं की हवेची घनता सुमारे ३ टक्के घटते. मिळालेलं सगळं तिथेच जातं. मूळ बॉक्समध्ये बसणारा पॅनेल फिल्टर पुरे. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मूळचे, कारण पीयूसी आणि शांत झोप दोन्ही हवं.

नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) १.२ मधून रिमॅपने ५ ते ८ टक्के निघाले तर खूप झाले. “पंधरा बीएचपी वाढवून देतो” म्हणणाऱ्याकडे त्याच दिवशी, त्याच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), आधीचा आणि नंतरचा ग्राफ मागा. पेडल हलकं झाल्यावर गाडी पळाल्यासारखी वाटते, तो बऱ्याचदा फक्त थ्रॉटल मॅप असतो. आणि पुढेमागे करायचंच झालं तर: मूळ फाइल वाचून स्वतःकडे कॉपी घ्या, फ्लॅश करताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावा, एसी-ब्लोअर-म्युझिक बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू जागीच मरतो. मूळ फाइल परत टाकली तरी काही ईसीयूत फ्लॅशचा काउंटर शिल्लक राहतो, म्हणजे आपल्या नियमात हे काम पूर्ण बसत नाही. यादीत ते शेवटी आहे ते म्हणून.

सस्पेन्शन: बाकी

ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ३० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगने तो १३३ वर येतो. सोसायटीच्या गेटवरचे गतिरोधक बघता हे जास्तच आहे. शिवाय मूळ डॅम्परवर (शॉकअप) आखूड स्प्रिंग टाकली की तो बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी थांब्यावर) आपटत राहतो आणि लवकर तेल सोडतो. विचार आहे तो मूळ उंचीच्या, थोड्या कडक डॅम्परचा. बसवताना खालच्या आर्मचे आणि मागच्या बीमचे, बुशचे (सांध्यातल्या रबरी बुचाचे) बोल्ट गाडी हवेत असताना अंतिम टॉर्कने कसू नका. चाकं जमिनीवर, गाडी आपल्या वजनावर, मग कसा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी. मागच्या टॉर्शन बीमला टो-कॅम्बर (चाकांच्या कोनांची) ॲडजस्टमेंट नाही, त्यामुळे “चारही चाकांचं करून देतो” म्हणून मागचे जादा पैसे देऊ नका. फक्त मागचं रीडिंग छापून घ्या.

लोन फिटलं की बँकेची एनओसी, फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) च्या दोन प्रती, चालू विमा आणि पीयूसी घेऊन आधी बोजा उतरवायचा, विमा पॉलिसीवरून बँकेचं नाव काढायचं. रिमॅपची फाइल त्यानंतर उघडू.