मुगाएवढा टवका, हातभर तडा

रानवाटांवरच्या गाडीसहलीत पहिल्याच दुपारी कोरड्या नदीपात्रातून वर चढून कच्च्या रस्त्याला लागलो आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालून एक खडा सुटला. ठक्! शेजारी बसलेल्या मेहुण्यानं समोरच्या काचेवर आतून बोट फिरवलं. "दाजी, मुगाएवढा टवका आहे. चालतंय." मीही म्हटलं, चालतंय. खरं तर पुढच्या गाडीची धूळ खात इतक्या जवळून जायचं काहीच कारण नव्हतं. दगड जितक्या वेगानं येतो त्यात आपला वेग मिळतो, आणि वेग दुप्पट झाला की दणका चौपट. पण घाई होती.

खड्यानं फक्त टवका उडवला. तडा मी घातला. तो असा.

समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा थर, जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. बाजूच्या काचा फुटल्या की त्यांचा चुरा होतो. ही फुटली तरी जागेवर राहते, ती या थरामुळे. (१९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक चंबू खाली पडला. आत सेल्युलोज नायट्रेट या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा वाळलेला थर होता, त्यामुळे चंबू तडकला पण विखुरला नाही. ही कल्पना तिथून आली.) टवका बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या काचेला पडतो, आणि तो कोरडा, स्वच्छ असेपर्यंत दुरुस्त होतो. मी काय केलं? धुळीनं दिसेना म्हणून लगेच पाण्याचा फवारा मारून वायपर फिरवले. चिखल थेट टवक्यात गेला. तेव्हाच गाडी थांबवून, कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायला हवी होती. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी पहाटे काचेवर दव गोठलेलं. मी गरम हवेचा ब्लोअर फुल्ल सोडला. थोड्याच वेळात टक् असा आवाज आला आणि टवक्यातून एक रेघ बाजूला सरकली. काच आतून तापून फुगते, बाहेरून गार असते, आणि तो ताण टवक्याच्या टोकाशी एकवटतो. उन्हात भाजलेल्या काचेवर एसीचा झोत सोडला तरी तेच होतं, फक्त उलट बाजूनं.

मग मेहुण्यानं एक शहाणपणाचं काम केलं. तड्याच्या टोकाशी आतून मार्करनं आडवी रेघ मारली आणि शेजारी किलोमीटर लिहिले. प्रत्येक थांब्यावर पाहायचं. सकाळी तडा ९ सेंमी होता. सपाट कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर गेलो, तो जागचा हलला नाही. मग एक घळ आली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक वर, बाकीची दोन खड्ड्यात. गाडीची खालची चौकट (चेसिस) पिळली, तिच्याबरोबर बॉडी पिळली, आणि एका चढात तडा २१ सेंमी झाला. खडखडाटाला मी जितका घाबरत होतो तितकं घाबरायची गरज नव्हती; काचेला खातो तो पीळ.

मागच्या गाडीतल्या मित्राकडे रेझिनचं, म्हणजे टवक्यात भरायच्या पारदर्शक चिकट द्रवाचं, किट होतं. काचेवर छोटा स्टँड चिकटवायचा, पंपानं टवक्यातली हवा ओढायची, दाबानं रेझिन भरायचं, अतिनील प्रकाशात कडक करायचं. उन्हातही तो प्रकाश असतो, म्हणून भरण्याचं काम सावलीत करून मग गाडी उन्हात न्यायची. अर्ध्या तासात होतं. आम्ही हौसेनं केलं, पण चिखल आत गेलेला आणि तडा वीतभर झालेला, त्यामुळे काही साधलं नाही. नाण्याएवढा टवका रेझिननं सहसा भागतो. तडा एका वितीच्या पुढे गेला, काचेच्या कडेला टेकला किंवा चालकाच्या बरोबर नजरेसमोर असला, तर काच बदलायचीच. नजरेसमोरची दुरुस्ती पक्की झाली तरी डाग राहतो, आणि मावळतीच्या उन्हात नेमका तोच चमकतो. कुणी झटपट चिकटणारा साधा गोंद पुढे केला तर हात जोडा. तो आत गेला की पुढे रेझिनला जागा उरत नाही.

तिसऱ्या दिवशी तडा कडेला पोचला. आतून नख फिरवलं, अडकलं नाही. म्हणजे आतली काच शाबूत. ती गेली असती तर गाडी तिथेच थांबवली असती. उरलेले दोन अवघड चढ सोडून डांबरी रस्ता धरला. वेग कमी, ब्लोअर पायांकडे, आणि दार लावताना एक काच थोडी खाली, कारण बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा काचेला आतून धक्का देते.

पाचव्या दिवशी काच बदलली. मी शेजारी उभा राहून पाहिलं, तुम्हीही पाहा. काच युरेथेन नावाच्या गोंदाच्या चिकट पट्ट्यावर बसते. तारेनं किंवा पातीनं तो कापून जुनी काढतात. पत्र्यावरचा सगळा युरेथेन खरवडायचा नसतो. एक-दोन मिलिमीटर ठेवायचा, नवा त्यावर धरतो. आमच्या काचेच्या चौकटीत खालच्या कोपऱ्यात गंज निघाला. कारागीर म्हणाला, "झाकून जाईल साहेब." मी हट्ट धरला. गंज घासून, प्रायमर लावून, तो वाळल्यावरच काच बसवून घेतली. गंजावर चिकटवलेली काच पत्रा सोडते. उलटलेल्या गाडीत छताला आधार या काचेचाही असतो, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. काचेमागे कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (नेम जुळवणं) पुन्हा करून घ्या. आमच्या गाडीत नव्हता.

मित्राच्या जुन्या जीपची गंमत वेगळी. तिची काच रबरी पट्टीत बसते. पट्टीच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची. चिकटवण्याची भानगड नाही. रानात दोघांनी करण्यासारखं काम.

युरेथेन हवेतल्या ओलाव्यानं कडक होतो. थंड, कोरड्या हवेत हळू. गाडी कधी हलवायची ते त्याच्या नळीवर छापलेलं असतं: काही जाती तासाभरात तयार होतात, काहींना दिवस लागतो. कारागिराच्या "चला, झालं"वर जाऊ नका, नळी मागून वाचा. दोन दिवस प्रेशरचं पाणी मारू नका आणि काही दिवस पीळ पडेल अशा वाटेला जाऊ नका.

काच बसवल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही कडेनं हळूहळू पाणी सोडून पाहिलं. मेहुणा आत टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकलेला. "दाजी, थेंब!" वरच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलेला, आणि मी मात्र तोवर फक्त गंजाच्या कोपऱ्यावर डोळा ठेवून होतो. गाडी परत नेली, तेवढा कोपरा पुन्हा भरून घेतला, आणखी एक दिवस मुक्काम वाढला. चिकटपट्टी आणि मार्कर आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असतात.